गुडघ्याला गुडघा

ज्या कोणी ही नवी बस आखली, त्याच्या घरात दोन जावा कधी नांदल्या नसणार, असं शेवंतीचं ठाम मत होतं. नांदल्या असत्या तर त्यानं बायकांच्या चार सीटा समोरासमोर ठेवल्याच नसत्या.

जुनी बस खडखडायची. खिडक्या वर सरकायच्या नाहीत, सरकल्या तर खाली यायच्या नाहीत. पण माणसानं ज्या दिशेला जायचं त्या दिशेला तोंड करून बसावं, एवढी साधी अक्कल त्या बसला होती. त्या बसमधून शेवंती आणि तिची मोठी जाऊ शुभा कितीतरी वर्षं एकाच वेळी, एकाच रस्त्यानं गेल्या आणि एका शब्दानं बोलल्या नाहीत. शुभा पुढे बसायची, शेवंती दोन सीटा सोडून मागे. शेवंतीला दिसायचा तो फक्त जावेचा आंबाडा. तो दर वर्षी थोडा बारीक होत चाललाय, हेही तिच्या लक्षात आलं होतं आणि त्याचं तिला वाईट वाटलं नव्हतं.

मग नवी बस आली. विजेवर चालणारी, आतून थंडगार, काचा कायमच्या बंद. आकारानं जुनीच्या निम्मी. पुढची चाकं आत घुसलेली, म्हणून त्यांच्यावर दोन मोठे खोके आणि त्या खोक्यांवर सीटा. उजव्या खोक्यावर म्हाताऱ्यांसाठी आडव्या सीटा. डाव्या खोक्यावर बायकांसाठी चार, दोन पुढे तोंड केलेल्या, दोन मागे. मधे अंतर वीतभर. बाकीच्या सीटा पार मागे, दोन पायऱ्या चढून, आणि तिथे खड्डा आला की माणूस सीटवरून उडून परत सीटवर पडतो.

शुभा कांजूरमार्ग स्टेशनला, पहिल्याच थांब्यावर चढायची. तिला खिडकीजवळची, पुढे तोंड केलेली जागा मिळायची. तिच्या शेजारची जागाही तिथंच भरायची. शेवंती गांधीनगरला चढायची. तोवर बायकांच्या सीटांपैकी एकच उरलेली असायची, ती शुभाच्या बरोबर समोरची. मागे तोंड करून.

दोघी अंगानं भरलेल्या. वीतभर जागेत चार गुडघे. शुभाचा एक, शेवंतीचा एक, शुभाचा एक, शेवंतीचा एक, असे ते एकमेकांत अडकवल्याशिवाय बसताच यायचं नाही. ज्या बाईच्या दारावरून जाताना शेवंती पदर सावरून घ्यायची, तिच्या गुडघ्याची ऊब तिला रोज सीप्झच्या थांब्यापर्यंत सोसावी लागू लागली.

"ताई," पहिल्याच दिवशी शेवंती कंडक्टर मुलीला म्हणाली, "समोरच्यांना सांगा, गुडघे जरा आवरा म्हणावं."

कंडक्टरचं नाव ऋतिका. नुकतीच लागलेली, चुणचुणीत. तिनं एकदा शेवंतीकडे बघितलं, एकदा शुभाकडे. "मावशी, त्या इथंच आहेत ना."

"हो. पण तुम्ही सांगा."

शुभा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "त्यांनाही विचारा, माझे गुडघे मी घरी काढून ठेवून येऊ का?"

"निदान पिशवी तरी मांडीवर घ्या म्हणावं."

"पिशवीत माझ्या नातवाची आमटी आहे. सांडली तर त्या करून देणार का, विचारा."

"ओ मावश्या," ऋतिका वैतागली, "मी काय तुमच्या घरातली सून आहे का, इकडचं तिकडं सांगायला? माझी वाट लावू नका सकाळी सकाळी. चला, पुढे सरका हो, पुढे सरका!"

गुडघ्यांचं एक वेळ सोसलं असतं. शेवंतीची खरी अडचण पोटाची होती.

तिला गाडी लागायची. लहानपणापासून. देवगडकडच्या तिच्या वाडीत एसटी आली की बाकीची मुलं धावत जायची आणि ही आंब्याच्या झाडामागे लपायची. लग्न होऊन मुंबईला येताना कशेडी घाटात तिनं नवऱ्याच्या, सहदेवच्या, नव्या कोऱ्या शर्टावर संसाराची सुरुवात केली. सासरे गिरणीतले, तोंडानं फटकळ. ते म्हणाले, "सून आणली की पाटाचं पाणी?" पुढं कुठल्याही प्रवासाचे तिचे नेम ठरून गेले. सीटवर वर्तमानपत्र पसरून त्यावर बसायचं. गालात आमसूल धरायचं. खिडकी उघडी हवी. आणि तोंड गाडी जाते त्या दिशेला हवं. यातलं एक जरी चुकलं, तरी तिचं पोट हिशेब चुकता करायचं.

नव्या बसनं सगळंच चुकवलं. खिडकी बंद. एसीत कुणाच्या तरी अत्तराचा आणि कुणाच्या तरी ओल्या डब्याचा वास कोंडलेला. वर्तमानपत्र त्या गुळगुळीत सीटवरून घसरायचं आणि त्याच्याबरोबर शेवंतीही. आणि तोंड मागे. पवईच्या तलावाशी रस्ता वळतो, त्यात मेट्रोच्या कामाचे पत्रे आणि खड्डे. सगळं जग समोरून तिच्यापासून दूर पळायचं आणि पोट मात्र वर यायचं.

सीप्झच्या पुढे, एमआयडीसीतल्या एका ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये शेवंती पोळ्या करायची. कारखाना बंद पडल्यावर सहदेव एका सोसायटीत वॉचमन झाला होता, पण त्याच्या पगारात घरभाडं आणि लेक रुचिकाचं कॉलेज दोन्ही बसत नव्हतं. शेवंतीच्या पोळ्यांवर घर उभं होतं, हे घरात कुणी बोलून दाखवत नसे, पण सगळ्यांना माहीत होतं.

एका सकाळी उतरल्या उतरल्या, ऑफिसच्या फाटकाशीच तिला उलटी झाली. वॉचमननं पाहिलं. वॉचमननं कॅन्टीनच्या मॅनेजरला सांगितलं. सुबोध नावाचा तो मुलगा वाईट नव्हता, पण घाबरट होता.

"मावशी, बरं नसेल तर घरी थांबायचं ना."

"बरी आहे मी. बस लागते."

"बस कुणाला लागते मुंबईत?" तो खरंच आश्चर्यानं म्हणाला. "हे बघा, किचनमध्ये उलटी करणारा माणूस चालत नाही. कधीही कोण तपासायला येईल. परत असं झालं तर मला दुसरी बाई बघावी लागेल. राग मानू नका."

राग कुणाचा मानायचा, हाच तर प्रश्न होता.

तिनं उपाय करून पाहिले. उभं राहून गेली. गांधीनगरच्या पुलाखालच्या वळणावर तोल जाऊन ती एका अनोळखी गृहस्थांच्या मांडीवर बसली. ते सभ्य होते, "बसा, बसा" म्हणाले, आणि सगळी बस हसली. मागे, पायऱ्या चढून वर बसली, तर फाटकापर्यंतही वेळ आली नाही, पिशवीतच कारभार उरकावा लागला. डेपोत जाऊन तक्रार केली. तिथल्या साहेबांनी पंख्याखालून विचारलं, "सीट मिळते ना?"

"मिळते."

"एसी आहे ना?"

"आहे."

"मग तक्रार काय आहे बाई? लोकांना उभं राहायला जागा नाही आणि तुम्हाला सीटची दिशा पाहिजे?"

सहदेवनं घरी पाय पसरून सल्ला दिला, "डोळे मिटून बसत जा."

"मिटले की जास्त होतं."

"मग वैनीला सांग ना, जागा बदल म्हणून. एवढ्याशा गोष्टीला..."

"एवढ्याशा?" शेवंतीनं लाटणं पोळपाटावर आपटलं. "तू जाऊन चहा ढोसतोस त्यांच्याकडे, तुला लाज नाही. मला आहे. त्या बाईकडे मी पाणीसुद्धा मागणार नाही."

"पाणी कुठं, सीट माग."

"जा तू."

एकदा ती घरातून लवकर निघून चक्क उलट्या दिशेनं चालत कांजूरमार्ग स्टेशनला गेली आणि शुभाच्या आधी चढून खिडकी पटकावली. शुभा चढली, तिनं पाहिलं आणि मुकाट्यानं समोर, मागे तोंड करून बसली. सीप्झपर्यंत तिनं शेवंतीच्या तोंडावरची नजर काढली नाही. पोट शांत राहिलं, पण शेवंतीला त्या सीटचं सुख काही लागलं नाही. आणि रोज तसं जमणारही नव्हतं. गांधीनगरच्या चाळीत पाणी यायचं नेमकं त्याच वेळी. पाणी भरल्याशिवाय घर सोडणारी बाई अजून जन्मायची होती.

भांडण मूळचं होतं तेही सीटचंच.

शुभाचा मुलगा सुयोग. त्याचं लग्न चिपळूणला, म्हणून घरच्यांसाठी मोठी गाडी ठरवलेली. या घरात एक रीत होती, सासूनं घालून दिलेली: मुलाच्या लग्नाच्या गाडीत ड्रायव्हरमागच्या पहिल्या सीटवर नवऱ्यामुलाची काकू बसणार, मांडीवर मानाचा नारळ घेऊन. सुयोगला काकू एकच. शेवंती शालू नेसून, केसांत अबोलीचा वळेसार माळून गाडीशी उभी राहिली आणि बोलावण्याची वाट बघू लागली. शुभा आतबाहेर करत होती. फुलांच्या करंड्या, मिठाईचे खोके, आजारी आत्या, सगळ्यांना हाका मारत होती. शेवंतीला हाक मारली नाही. गाडी सुटायला आली. तेव्हा शेवंती ताठ मानेनं चढली, कुणाकडे न बघता तरातरा मागे गेली आणि शेवटच्या बाकावर बसली.

माणगावच्या आधीच ती आडवी झाली. चिपळूणला पोचली तेव्हा शालूचं पोतेरं झालं होतं. अक्षता पडल्या तेव्हा ती हॉलमागच्या खोलीत खाटेवर पडून होती. आणि दाराबाहेर, नव्या व्याह्यांच्या देखत, शुभा म्हणाली, "आमच्या जाऊबाईंना कुठंही गेलं तरी नाटक लागतं."

ते वाक्य शेवंतीनं जपून ठेवलं. शुभाचा नवरा चंद्रप्रकाश आणि सहदेव, दोघे भाऊ, महिन्याभरात पुन्हा एकमेकांकडे येऊ-जाऊ लागले. बायका नाही. सुयोग आणि त्याची बायको श्वेता वर्षभरात मरोळला वेगळे राहायला गेले. नातू झाल्यावर श्वेता पुन्हा ऑफिसला जाऊ लागली, तेव्हापासून शुभा रोज बसनं त्याला सांभाळायला जायची. "मुलगा सोडतच नाही मला," असं ती आपल्या चाळीत सांगायची. हे शेवंतीच्या कानावर आलं होतं, आणि तिनं ते मोठ्या चवीनं ऐकलं होतं.

त्या दिवशी पाणीच उशिरा आलं. शेवंतीनं हंडे भरले, रुचिकाला दोन शिव्या हासडल्या आणि धावत थांबा गाठला. पोटात चहाशिवाय काही नाही, आमसुलाची डबी घरीच राहिली. आणि सुबोधनं आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं की ऑफिसची मोठी मंडळी सकाळी किचन बघायला येणार आहेत, सगळ्यांनी नीट राहायचं.

बस आली. चार सीटांपैकी एकच रिकामी. शेवंती बसली. गुडघा, गुडघा, गुडघा, गुडघा.

तलाव यायच्या आधीच तिला पहिली जांभई आली. मग दुसरी. ओठावर घाम फुटला. हात आपोआप डाव्या मनगटातल्या बांगडीकडे गेला आणि ती गोल गोल फिरवू लागली. ही तिची जुनी खूण होती. समोर बसलेल्या बाईला ती पाठ होती. लग्न होऊन आल्यापासून गणपती, शिमगा, सासऱ्यांचं बारावं, गावच्या प्रत्येक फेरीत शेवंतीचं कपाळ धरून, खिडकीबाहेर तिचं डोकं काढून, "होऊं दे, होऊं दे" म्हणणारी शुभाच होती. सुयोगच्या लग्नापर्यंत.

"ऋतिका!" शुभानं आवाज दिला. पण ऋतिका मागच्या दाराशी कुणाशी तरी सुट्ट्या पैशांवरून भांडत होती. मधे माणसांची भिंत. "ऋतिका, गो, हंय ये!"

ऋतिकाला ऐकू गेलं नाही.

शेवंतीनं पदर तोंडाला लावला. डोळ्यांपुढे फाटक आलं, वॉचमन आला, सुबोधचा घाबरट चेहरा आला. दुसरी बाई. तिच्या तव्यावर दुसऱ्या बाईच्या पोळ्या. पत्र्यांशी बस वळली आणि पोट घशाशी आलं. तिनं पदराआडून, शुभाकडे न बघता, तिच्या गुडघ्याकडे बघत म्हटलं,

"वैनी, माका जागा दे."

शुभा एवढ्या झटक्यात उठली की पिशवी कलंडली.

"ऊठ! ऊठ गो, बघतंस काय!"

चालत्या बसमध्ये, वीतभर जागेत, दोन भरलेल्या बायकांनी जागा बदलली. शुभाच्या शेजारी बसलेल्या मुलीच्या पायावर दोघींचे पाय पडले. शेवंतीच्या पदरात शुभाच्या पिशवीचा बंद अडकला. सोडवता सोडवता आमटी थोडी सांडलीच. शेवटी शेवंती खिडकीजवळ बसली. समोर रस्ता तिच्याकडे येऊ लागला. तिनं काचेला कपाळ टेकलं. शुभानं ब्लाऊजमधून पुडी काढली आणि तिच्या हातात एक आमसूल कोंबलं.

मग मागे तोंड करून बसलेल्या शुभानं सुरुवात केली.

"सांगूक काय झाला होता तुका? रोज बघतंय, तोंड पांढराफटक करून बसता मेली."

"बघत होतंस तर उठाचा होता," शेवंती गालात आमसूल फिरवत म्हणाली.

"मागितलंस असतंस तर दिली नसती काय?"

"लग्नातसुद्धा मागूक व्हया होता? तुझ्या झिलाचा लगीन. बोलवचा काम तुझा."

"बोलवचा?" शुभाचा आवाज चढला. पुढच्या दारातले लोक वळून बघू लागले. "घरच्या माणसाक आमंत्रण कित्याक व्हया? शीट धरलेली मिया तुझी. ड्रायव्हरमागची. रुमाल टाकून, वर नारळ ठेवून. माझ्या सख्ख्या भावाक बसूक दिलंय नाय थंय! आणि बाईसाहेब नाक वर करून गेली ती शेवटच्या बाकार."

शेवंतीनं आमसूल चावायचं थांबवलं.

"थंय नारळ होतो?"

"मग काय माझा डोक्या होता?"

शेवंतीला आठवेना. तिनं त्या सीटकडे बघितलंच नव्हतं. बघायचं नाही, असं ठरवूनच ती गाडीत चढली होती. दोघी एकाच सासूच्या हाताखाली तयार झालेल्या. सासूनं धाकटीला शिकवलं होतं की मान मागून घ्यायचा नसतो, बोलावलं तरच जायचं. आणि थोरलीला शिकवलं होतं की घरच्या माणसाला बोलवायचं नसतं, बोलावलं तर तो पाहुणा होतो. दोघींनी आपापला धडा इमानानं पाळला होता.

शेवंतीला हायसं वाटायला हवं होतं. तिला उलट भयंकर राग आला. सासूचा, शुभाचा, स्वतःचा, आणि त्या बस आखणाऱ्याचाही. इतकी वर्षं सांभाळलेला राग, त्याच्यावर तिनं किती सणवार नासवले होते, आणि तो सगळा एका रुमालावरचा नारळ दिसला नाही म्हणून?

"मग नाटक लागता म्हणान कित्याक बोललंस?" तिनं शेवटचं शस्त्र काढलं.

शुभानं पिशवीवर सांडलेली आमटी पदरानं पुसली. "बोललंय. तुझो नारळ राखीत होतंय सकाळपासून, आणि तू ताठ्यात. आला तोंडात." मग तिनं घाईघाईनं जोडलं, "आणि तेव्हा होताच तुझा नाटक."

सीप्झ आलं. शेवंती उतरली. "येतंय," एवढंच म्हणाली. फाटकातून आत जाताना वॉचमननं तिच्याकडे निरखून पाहिलं. तिनं त्याच्याकडे त्याहून निरखून पाहिलं. मोठी मंडळी किचनमध्ये आली तेव्हा ती तव्यापुढे उभी होती, आणि पोळी टम्म फुगली होती.

दुसऱ्या दिवशी गांधीनगरला बस थांबली. शेवंती चढली तेव्हा पुढचा सगळा भाग तापलेला होता. एक बाई हातवारे करत होती, "रुमालानं सीट अडवायची नसते, हा काय एसटीचा डबा आहे का?" आणि ऋतिका हात जोडून दारातच उभी होती.

"आल्या! आल्या बाई!" शेवंतीला बघून ती म्हणाली. "मावशी, स्टेशनपासून त्या सगळ्या बसशी भांडतायत हो. एका आजीबाईंनाही बसू दिलं नाही. कालपर्यंत तुम्ही बोलत नव्हता तेच बरं होतं."

शुभा शेजारच्या, पुढे तोंड केलेल्या सीटवर हात ठेवून बसली होती. सीटवर एक रुमाल पसरलेला. शुभा खिडकीबाहेर बघत होती. तिनं मान वळवली नाही. हाक मारली नाही.

शेवंती रुमालासमोर उभी राहिली. बस सुटली. मागून कुणीतरी ढकललं. तिनं क्षणभर वाट पाहिली, जुन्या सवयीनं. शुभाचा आंबाडा हलला नाही.

मग शेवंतीनं रुमाल उचलला, झटकला, शुभाच्या मांडीवर टाकला आणि बसली.

"धुतलेलो तरी ठेवचो होतो," ती म्हणाली.

"ह्यो धुतलेलोच आसा. तुझ्या घरच्यासारखो नाय."

"आणि खिडकीशी तूच बसलंस काय? माका खिडकी लागता, ठाऊक नाय तुका?"

"मागितलंस काय?"

शेवंतीनं डबीतलं आमसूल काढून गालात धरलं. दोघींचे गुडघे आता एकाच दिशेला होते आणि दोघींची तोंडं रस्त्याकडे. पवईच्या वळणाच्या जरा आधी शुभा पुटपुटत उठली, पिशवी घेतली आणि खिडकी सोडून आतल्या बाजूला सरकली.